मुंबई ते लंडन: दहा तासांच्या मागची गोष्ट

भाचीचं जानेवारीतलं लंडनचं तिकीट आईनं चष्मा लावून दोनदा वाचलं. मुंबईहून दुपारी २ ला सुटणार, साडेसहाला पोहोचणार. "म्हणजे साताऱ्याहून मुंबई गाठण्याएवढाच वेळ की!" तिकिटावर प्रत्येक वेळ त्या-त्या गावच्या घड्याळाची असते. हिवाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं, म्हणून प्रवास खरा दहा तासांचा.

लंडनची वाट साताऱ्याला नवी नाही. १८३९ मध्ये इंग्रजांनी छत्रपती प्रतापसिंह महाराजांना पदच्युत केलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि वर्षानुवर्षं तिथेच झगडत राहिले. त्या काळी जहाजानं पूर्ण आफ्रिकेला वळसा घालायचा, नाहीतर इजिप्तमध्ये उतरून जमिनीवरून पलीकडे जाऊन दुसरं जहाज धरायचं. पत्राचं उत्तर यायला महिने लागत. एवढ्या लांबून धन्याची बाजू लढवत राहणं ही केवढी चिकाटी! सुएझ कालवा खुला झाला तो १८६९ मध्ये, आणि मुंबई-लंडन सागरी अंतर सुमारे १९,८०० किलोमीटरवरून ११,६०० वर आलं.

विमानानं आधी माणसांपेक्षा टपाल जास्त नेलं. १९२९ मध्ये लंडन-कराची हवाई सेवा सुरू झाली. तिला आठवडाभर लागे आणि मधला एक टप्पा चक्क रेल्वेचा होता. कराचीला आलेलं टपाल पुढे मुंबईला आणायची सेवा १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी स्वतः विमान चालवून सुरू केली. ८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून लंडनला निघालं, कैरो आणि जिनेव्हाला थांबत. १९६० मध्ये बोइंग ७०७ आलं आणि पंख्याच्या विमानांचा जमाना मागे पडला.

आज सरळ हवाई अंतर ७,२०० किलोमीटरच्या आसपास आहे. पृथ्वीगोलावर दोरा ताणून पाहा, सपाट नकाशावरच्या रेषेपेक्षा तो उत्तरेकडे झुकतो. मात्र विमानाला त्या दोऱ्यावरून जाता येईलच असं नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हा वळसा आला, इंधन वाढलं, वेळ वाढली. शिवाय उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. जाताना ते समोरून येतात, येताना पाठीशी असतात. त्यामुळे परतीचा प्रवास साधारण तासाभरानं कमी होतो. आईला हे सगळ्यात जास्त आवडलं, पोर घरी लवकर येते म्हणून.

आता राहिला आपला टप्पा. विमानतळावर तीन तास आधी हजर राहायचं म्हणजे ११ ला. मुंबई इथून अडीचशे किलोमीटर, वाटेत पुण्याची गर्दी आणि घाट. पहाटे ४ ला गाडी खंबाटकीच्या बोगद्याकडे निघालेली असेल.