संगीतप्रकारांची वर्गवारी (मराठी संगीत)

गाणे कोणत्या जातीचे आहे हे एका शब्दात सांगणारी नावे व त्यानुसार केलेली विभागणी. मराठीत शास्त्रीय, उपशास्त्रीय, नाट्यसंगीत, भावगीत, भक्तिगीत, लोकसंगीत, चित्रपटगीत ही नावे रूढ आहेत. त्यांचा निकष मात्र एक नाही. नाट्यपद म्हटले की गाणे कुठून आले ते कळते, भक्तिगीत म्हटले की विषय, लोकसंगीत म्हटले की गाणारा समाज, आणि अभंग हा तर मुळात छंद. त्यामुळे एकच रचना तीन-चार खणांत बसते. वर्गवारीचे बहुतेक घोळ इथूनच सुरू होतात.

नावाने काय साधते ते भावगीतात दिसते. १९३०च्या दशकात ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. तेवढ्यात बसणारे, तानांपेक्षा कवितेच्या शब्दांना जपणारे जी. एन. जोशी, ज्योत्स्ना भोळे, गजानन वाटवे यांचे गाणे ना रागदारीच्या मैफलीतले होते, ना नाटकातले. भावगीत हे नाव रुळले, तसे काय मागायचे ते श्रोत्यांना कळले आणि वाटव्यांना निव्वळ भावगीतांचे जाहीर कार्यक्रम करता आले.

अडचण येते ती नावाची उच्च-नीच पायरी होते तेव्हा. बा. वि. केसकर १९५२ ते १९६२ या काळात केंद्रात नभोवाणी मंत्री होते. त्यांनी आकाशवाणीवर शास्त्रीय संगीताला मोठी जागा दिली, ही त्यांची खरी कामगिरी; पण चित्रपटगीते हलकी ठरवून जवळजवळ हद्दपार केली. श्रोते चित्रपटगीते लावणाऱ्या रेडिओ सिलोनकडे वळले आणि ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीला विविध भारती सुरू करावी लागली. याच काळात, १ एप्रिल १९५५ पासून, पुणे केंद्रावरून गीतरामायणाची ५६ गीते प्रसारित झाली. गीतकार ग. दि. माडगूळकर आणि संगीतकार सुधीर फडके हे दोघेही चित्रपटसृष्टीतले, आणि चाली रागांवर बांधलेल्या. हलके-भारी ही फोड इथे चालत नाही.

खणात टाकताना मूळ माणूसच हरवतो, हा याहून गंभीर दोष. संगीत कान्होपात्रा (१९३१) या नाटकात बालगंधर्वांनी मास्टर कृष्णरावांच्या चालीत 'जोहार मायबाप जोहार' गायले. रचना संत चोखामेळ्यांची. आज ती कधी नाट्यपद म्हणून लावली जाते, कधी भक्तिगीत म्हणून. पहिल्या नावाने गायकाचा मान राहतो, दुसऱ्याने विठ्ठलभक्ती. पण त्या अभंगात भुकेला माणूस उष्ट्यासाठी पाटी घेऊन दारात उभा आहे आणि आपली जात स्वतः सांगतो आहे. ते दोन्ही नावांखाली दबून जाते. 'घनश्याम सुंदरा श्रीधरा' अमर भूपाळी (१९५१) मुळे घराघरांत गेले, म्हणून चित्रपटगीत झाले. ते लिहिले होनाजीने, ज्याची ओळख लावणीचा शाहीर अशी आहे.

लावणीवर तर वर्गवारीने सरळ अन्याय केला आहे. लोकसंगीत म्हटले की रचनाकार अनामिक असावा अशी समजूत होते. लावणीला मात्र राम जोशी, परशराम, होनाजी, पठ्ठे बापूराव असे नाव-गाव असलेले शाहीर आहेत. बैठकीच्या लावणीत गायिका बसून गाते. एकच ओळ पुन्हा पुन्हा घेते आणि दर वेळी सुरांची वळणे, डोळे, हाताची बोटे यांतून तिचा वेगळा अर्थ काढते. यमुनाबाई वाईकर यांची ख्याती याच अदाकारीसाठी होती. ठुमरीत हेच काम बोलबनाव म्हणून वाखाणले जाते आणि ठुमरी उपशास्त्रीय ठरते. आकाशवाणीवर गाण्यासाठी केलेला लावणीचा अर्ज लोकसंगीताच्या विभागात जातो, आणि आकाशवाणीची श्रेणीही कलाकाराला त्या विभागापुरतीच मिळते.