पॅक-मॅन मूळचा की नव्याने लिहिलेला?

जुने गेम फुकट खेळू देणाऱ्या साइटवर ‘पॅक-मॅन’ शोधलं की एकाच नावाखाली दोन निराळ्या गोष्टी हाती लागतात. कुठे नाम्को या जपानी कंपनीचा १९८० चा मूळ गेम एमुलेटरवर चालत असतो, तर कुठे कुणीतरी ब्राउझरसाठी नव्याने लिहिलेली नक्कल असते. दोन्हीकडे तोच चक्रव्यूह, तीच चार भुतं. दहा मिनिटं टाइमपास करायचा असेल तर कुठलाही चालेल. हाताला बसलेल्या जुन्या चाली परत करून बघायच्या असतील, तर नाही.

एमुलेटर हा जुन्या मशिनचं सोंग घेणारा प्रोग्रॅम. पॅक-मॅनच्या मशिनमधली झेड-८० चिप ज्या आज्ञा पाळायची, त्या तो तशाच पाळतो. मशिनच्या चिपांमधून उतरवून घेतलेली फाइल, म्हणजे रॉम, त्याला दिली की झालं. आर्केड, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मशिनवरच्या गेमसाठी निकोला साल्मोरिया यांनी १९९७ मध्ये सुरू केलेला ‘मेम’ सगळ्यांत नावाजलेला. इंटरनेट अर्काइव्हने २०१४ मध्ये शेकडो आर्केड गेम ब्राउझरमध्ये खुले केले, तेही त्याच्याच जोरावर.

मूळ गेम सुरुवातीलाच ओळखू येतो. आधी पडद्यावर अक्षरांचा कचरा, मग चौकटींची जाळी. मशीन स्वतःला तपासून घेतंय. मग ते नाणं मागतं. मेममध्ये साधारणपणे ५ दाबलं की नाणं पडतं, १ दाबलं की खेळ सुरू. नकलेत सरळ ‘प्ले’चं बटण असतं, तेही बहुधा जाहिरात संपल्यावर.

याहून पक्की खूण म्हणजे चुका. पिंकी हे गुलाबी भूत पॅक-मॅनच्या तोंडापुढच्या चौथ्या घरावर नेम धरतं. पण पॅक-मॅन वर बघत असेल, तर मूळ कोडमधल्या गफलतीमुळे हा नेम चार घरं डावीकडेही सरकतो. मुरलेले खेळाडू याच गफलतीचा फायदा उठवतात. २५६ व्या पातळीला तर कहरच: पातळी मोजणारा आकडा आठ बिटांचा, २५५ च्या पुढे त्याला जागा नाही, म्हणून पडद्याचा उजवा अर्धा भाग वेड्यावाकड्या चिन्हांनी भरून जातो. नक्कल करणारा असलं काही कशाला लिहीत बसेल? अपवाद आहे. २०१० मध्ये गूगलने मुखपृष्ठावर ठेवलेला पॅक-मॅन नव्याने लिहिलेला होता, पण त्यात मूळच्या चुकाही हौसेने उतरवल्या होत्या.

दोन्ही फुकट मिळतात म्हणून दोन्हींना परवानगी आहे असं नाही. अमेरिकेत २००० मध्ये सोनी आणि तिच्या प्लेस्टेशनचा एमुलेटर बनवणारी कनेक्टिक्स यांच्या खटल्यात कोर्टाने एमुलेटर बनवण्याच्या बाजूने कौल दिला. रॉमवरचा हक्क मात्र कंपनीचाच राहतो. नक्कलही सुटत नाही. पॅक-मॅनशी फारच मिळताजुळता ‘के. सी. मंचकिन’ १९८२ मध्ये कोर्टाने थांबवला होता.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात घरोघरी आलेल्या ‘टीव्ही गेम’ची गंमत वेगळीच. तिथे नकली होतं ते यंत्र, म्हणजे निन्टेंडोच्या गेमयंत्राची नक्कल. कॅसेटमधल्या ‘कॉन्ट्रा’ या गेमचा कोड बहुतेक वेळा तो बनवणाऱ्या कोनामी कंपनीचाच असायचा. ब्राउझरमधला कॉन्ट्रा तोच आहे का, हे बघायचं तर शीर्षकाच्या पडद्यावर वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए आणि स्टार्ट दाबा. निन्टेंडोवरचा मूळ गेम असेल तर ३० लाइफ मिळतील.