टायफॉइडची लस सरकारी यादीत का नाही? गाडी कुठं अडते ते समजून घ्या

लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्रात हा प्रश्न निघतोच: खाजगीत पैसे मोजले की टायफॉइडची लस मिळते, मग इथं का नाही? सिस्टरवर चिडू नका, यादी तिच्या हातात नसते. ग्रामसभेचा ठराव किंवा जिल्हाधिकाऱ्यांना दिलेलं निवेदन यानंही राष्ट्रीय वेळापत्रकात लस येत नाही.

आधी औषध महानियंत्रकांचा परवाना लागतो. मग एनटीएजीआय हा राष्ट्रीय तांत्रिक सल्लागार गट आजार किती पसरलाय, लस किती उपयोगी आणि सुरक्षित आहे, खर्च झेपेल का, शीतसाखळीत, म्हणजे लस थंड ठेवायच्या व्यवस्थेत, जागा आहे का, हे तपासतो. गट फक्त शिफारस करतो. मंजुरी आणि पैसा केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडून येतो.

तारखेचा घोळ इथंच होतो. टायफॉइडच्या नव्या, लहान लेकरांनाही चालणाऱ्या लसीला परवाना 2013 मध्ये मिळाला, शिफारस 2022 मध्ये झाली. शिफारशीची बातमी वाचली की लोकांना वाटतं, पुढच्या महिन्यात लस येणार. तसं होत नाही. रोटाव्हायरसची लस 2016 मध्ये चार राज्यांत सुरू झाली आणि महाराष्ट्रात 2019 मध्ये पोहोचली. मोफत मिळेल म्हणून थांबायचं की आता विकत घ्यायची, हे बालरोगतज्ज्ञांना विचारून ठरवा.

खरी अडचण कागदाची आहे. आजार किती आहे याचा पुरावा म्हणजे ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघायची तपासणी, आणि तो रिपोर्ट आपल्याकडं जवळपास कुणाकडंच नसतो. मराठवाड्यात ताप आला की विडाल ही रक्ताची टेस्ट होते, "टायफॉइड निघाला" म्हणतात आणि सलाईन लागतं. विडाल जुन्या संसर्गामुळं किंवा दुसऱ्या तापातही पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून मोजणीत तिला फार किंमत नाही. उन्हाळ्यात टँकरचं पाणी पिऊन गल्लीभर लेकरं तापानं पडली तरी कागदावर त्यातलं फारसं काही उमटत नाही. 2017 ते 2020 दरम्यान देशात मुलांच्या टायफॉइडची मोठी पाहणी झाली. मुलांचा नियमित पाठपुरावा झाला तो दिल्ली, कोलकाता, वेल्लोर आणि पुण्याजवळच्या ग्रामीण भागात. ग्रामीण पुण्यात आजार खूपच कमी निघाला. तो आकडा बीड-परभणीला लावायचा का? मला ते अजिबात पटत नाही, पण खोडून काढायला आपले आकडे हवेत.

पाकिस्तानात सिंध प्रांतात 2016 पासून बहुतेक औषधांना दाद न देणारा टायफॉइड पसरला. कल्चरनं तो सिद्ध झाला होता. 2019 मध्ये ही लस नियमित कार्यक्रमात घेणारा तो जगातला पहिला देश ठरला, आणि लस भारतात बनलेली होती. आपल्याकडं नवी मुंबई महापालिकेनं 2018 मध्ये 9 महिने ते 14 वर्षांच्या मुलांसाठी स्वतःची मोहीम घेतली. म्हणजे मागणी करायचीच असेल तर महापालिकेकडं करा, तिथं वाव आहे.

ताप तीन-चार दिवसांत उतरला नाही तर अँटिबायोटिक सुरू होण्याआधी कल्चरसाठी रक्त घ्यायला सांगा. गोळ्या सुरू झाल्यावर जंतू सापडणं अवघड होतं. लेकरू फार आजारी असेल तर मात्र रिपोर्टची वाट बघत उपचार थांबवू नका. तालुक्याला सोय नसेल तर छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाई, लातूर किंवा नांदेडच्या वैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करा. रिपोर्ट आला की त्याची झेरॉक्स आशाताईंकडं किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात द्या आणि साथरोगाच्या नोंदीत तो चढला का, हे पुन्हा जाऊन विचारा.