थंडीतली भजी आणि रेशनचे तेल

हवा गार झाली की घरात भजी होणार, हे आज ठरलेलेच असते. कांदा चिरला, बेसन कालवले, कढई ठेवली. त्या कढईत पाव-अर्धा लिटर तेल एका वेळी ओतावे लागते, याचा वेगळा विचार कोणी करत नाही. साध्या पगाराच्या मराठी घरात ही मोकळीक कधी आली हे शोधायचे, तर तेलाच्या मागे जावे लागते.

डाळीचे पीठ वापरून तळायची रीत जुनी आहे. कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारातल्या बाराव्या शतकातल्या संस्कृत ग्रंथात तळणीच्या पदार्थांची वर्णने सापडतात. मिरची आणि बटाटा पोर्तुगीजांबरोबर पुढे आले. पण तळण व्हायचे ते सणावाराला, श्राद्धपक्षाला, फार तर पाहुणा आल्यावर. सुतकात कढई चढत नसे. कांदाभज्यांना हक्काचा दिवस होता कांदेनवमीचा, म्हणजे आषाढ शुद्ध नवमीचा. चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य करणारी घरे त्या दिवशी घरातला कांदा संपवायची. तेल ज्या त्या मुलखाचे असे. मराठवाडा-सोलापूरकडे करडईचे, विदर्भात जवसाचे, किनाऱ्यावर खोबरेल. विसाव्या शतकात या सगळ्यांवर शेंगदाण्याच्या गोडेतेलाने मात केली आणि तिथेच पुढच्या टंचाईचे मूळ आहे. शेंगदाण्याचे पीक पावसावर. पाऊस गेला की तेल गेले.

१९७२ च्या दुष्काळाने हे दाखवून दिले. गोडेतेल, साखर, रॉकेल, सगळेच दुकानांतून नाहीसे झाले आणि मुंबईत बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. तळण हा पहिला छाटला जाणारा खर्च होता. स्टोव्हसाठी रॉकेलही रांगेत उभे राहूनच मिळायचे.

सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात केंद्राने खाद्यतेलाची आयात एकदम वाढवली आणि मलेशियाकडचे पामतेल रेशनच्या दुकानांतून कार्डावर मिळू लागले. या निर्णयावरचा वाद अजून मिटलेला नाही. भुईमूग पिकवणाऱ्यांचे म्हणणे सरळ होते: परदेशी तेल स्वस्तात वाटले की आमच्या शेंगेचा भाव पडतो. परकीय चलनाचा प्रश्न होता, दुकानातून मागच्या दाराने जाणाऱ्या डब्यांचा होता, आणि घसा धरतो ही घरोघरची तक्रार तर होतीच. यातला एकही आक्षेप खोटा नाही. तरीही चाळीतल्या खोलीत, महिनाअखेरीला, सणवार नसताना कढई चढू लागली ती या तेलामुळे, आणि वादाच्या नोंदींत ही बाजू फारच कमी येते. सणासुदीला वाढीव कोटा जाहीर झाला की त्या आठवड्याचे बेत बदलत.

थंडीत या तेलाचे खरे रूप दिसे. डिसेंबरात सकाळी डब्याच्या तळाशी पांढरा, रवाळ थर बसलेला असे. डबा उन्हात किंवा शेगडीजवळ सरकवल्याशिवाय तेल ओतता येत नसे. ही भेसळ आहे असे पुष्कळांना वाटे. पण पामतेलातली जवळपास निम्मी स्निग्धाम्ले संपृक्त (सॅच्युरेटेड) असतात, म्हणून ते गारठ्यात थिजते, आणि त्याच कारणाने तळणीच्या आचेवर लवकर बिघडत नाही. हृदयविकाराच्या संदर्भात त्यावर बोट ठेवले जाते तेही यासाठीच. अनेक घरांनी आपला तोडगा काढला: तळणाला रेशनचे, फोडणीला गोडेतेल.

तेल जपायच्या सवयी कृतीतही उतरल्या. सोडा घातला की भजी जाळीदार होतात आणि तेल पितात, म्हणून पिठात सोड्याऐवजी चमचाभर कडकडीत तेलाचे मोहन. कांदा उभा चिरून मीठ चोळून ठेवायचा आणि सुटलेल्या पाण्यातच बेसन, ओवा, तिखट, हळद कालवायची. इथे हंगाम पाहावा लागतो. थंडीत येणाऱ्या नव्या लाल कांद्याला पाणी फार, त्याला बेसन जास्त लागते आणि भजी मऊ पडतात. शेतावरच्या कांदाचाळीत साठवलेल्या उन्हाळ कांद्याची खेकडाभजी कुरकुरीत होतात. तळणीतले उरलेले तेल गाळून दोन-तीन दिवसांत भाजी-आमटीत संपवायचे.

१९८६ मध्ये तेलबियांची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आणि नव्वदीच्या सुरुवातीला देश खाद्यतेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झाला. मग १९९४ मध्ये पामोलिनची, म्हणजे पामतेलातल्या पातळ भागाची, आयात ६५ टक्के शुल्कावर खुली झाली. १९९८ पर्यंत हे शुल्क १५ टक्क्यांवर आले. रेशनची रांग संपली, पिशवीतले तेल वाण्याकडे कधीही मिळू लागले. आज देशाच्या गरजेतले निम्म्याहून अधिक तेल बाहेरून येते. २०२२ च्या एप्रिलअखेरीस इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे थांबवली तेव्हा इथल्या वाण्याच्या फळीपर्यंत त्याचा धक्का पोचला. त्याच वर्षीच्या दिवाळीत राज्यात रेशनकार्डावर शंभर रुपयांत जो शिधा दिला गेला, त्यात रवा, साखर आणि चणाडाळ एकेक किलो होती, आणि एक लिटर पामतेल.