वॉर्डातले कर्मचारी वस्तीत गेले तेव्हा

स्किझोफ्रेनिया आहे, दारू सुटत नाही, भाडे थकल्यामुळे खोली गेली, वर मधुमेह. अशा रुग्णाला मानसोपचार विभाग व्यसनमुक्तीकडे धाडतो, व्यसनमुक्तीवाले ‘आधी डोके ताळ्यावर आणा’ म्हणून परत पाठवतात. काही महिन्यांत तो पुन्हा भरती होतो. अशांसाठी फिरत्या पथकाची जी पद्धत पुढे अनेक देशांत गेली, ती अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात मॅडिसनला सुरू झाली.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या मेंडोटा सरकारी मनोरुग्णालयात अर्नोल्ड मार्क्स, लेनर्ड स्टाइन आणि मेरी ॲन टेस्ट यांच्या लक्षात आले की, वॉर्डात शिकवलेला स्वयंपाक, बसप्रवास, पैशांचा हिशेब रुग्णाला स्वतःच्या खोलीत जमत नाही. म्हणून त्यांनी वॉर्डातले कर्मचारीच वस्तीत नेले. गॅस पेटवायला शिकवायचे ते रुग्णाच्या शेगडीवर, गोळ्या द्यायच्या त्याच्या दारात. साधारण १० रुग्णांमागे एक कर्मचारी. पण रुग्ण कुणा एकाचा नाही, सगळ्या पथकाचा. रोज सकाळी बैठकीत प्रत्येकाचे नाव निघते. मनोविकारतज्ज्ञ, नर्स, व्यसन आणि रोजगार पाहणारे हे सगळे एकाच पथकात, त्यामुळे चिठ्ठी देऊन दुसरीकडे पाठवणे जवळपास संपते.

१९८०मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत १४ महिने ही सेवा दिलेल्यांचे इस्पितळात राहणे खूप घटले. सेवा थांबवल्यावर मात्र बराचसा फायदा ओसरला. ठरावीक मुदतीचा ‘प्रकल्प’ म्हणून ही सेवा आखणे चूक, हे तेव्हाच दिसले होते. तरी निधी आजही अनेकदा मुदतीवरच मिळतो!

इंग्लंडने २०००च्या आरोग्य योजनेत अशी २२० पथके ठरवली. तिथल्या चाचण्यांचे निकाल मात्र निराशाजनक होते, योजनेच्या आधीचेही. १९९९च्या मोठ्या चाचणीत एका कर्मचाऱ्याकडे ३०-३५ऐवजी १०-१५ रुग्ण देऊनही इस्पितळातले दिवस घटले नव्हते. २००६च्या उत्तर लंडनमधल्या चाचणीतही तेच. रुग्ण सेवेशी जोडून राहिले आणि समाधानी होते, एवढाच फरक. मनोविकारतज्ज्ञ टॉम बर्न्स आणि सहकाऱ्यांनी २००७मध्ये अनेक चाचण्या एकत्र तपासल्या. त्यांत दिसले की, जिथे रुग्ण आधीच फार दिवस भरती असत तिथेच पथकाचा मोठा उपयोग होतो. शिवाय परिणाम पथकाच्या कामाच्या रचनेशी जुळत होता, माणसांच्या संख्येशी नाही. इंग्लंडमध्ये नेहमीची सेवाही घरी जात होती, मग घट दिसणार कुठून?

भारतात १९९६पासूनच्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा भर ओपीडी आणि औषधांवर राहिला. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १८मध्ये हाफ-वे होम (इस्पितळ आणि घर यांच्या मधला निवारा), आधारयुक्त निवास आणि घरी जाऊन पुनर्वसन यांची तरतूद आहे. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयांतून घरी जाणाऱ्यांसाठी पथक उभारायचे झाले, तर आमच्या मते एका कर्मचाऱ्यामागे किती रुग्ण हे गणित नंतर बघावे. आधी रोजची बैठक, सामायिक जबाबदारी आणि व्यसनाचा उपचार पथकातच, एवढे बसवावे. आणि सुरुवात वर्षभरात वारंवार भरती झालेल्यांपासून करावी.