पिसे उपटणारे पोपट आणि युद्धावरून परतलेले सैनिक

अमेरिकेतील लॉस एंजेलिसच्या पश्चिम भागात माजी सैनिकांसाठी एक मोठे सरकारी वैद्यकीय केंद्र आहे. त्याच्या आवारात मानसशास्त्रज्ञ डॉ. लॉरिन लिंडनर यांनी 2005 मध्ये ‘सेरेनिटी पार्क’ हे पोपटांचे आश्रयस्थान सुरू केले. मालकांनी टाकून दिलेले किंवा हलाखीतून सोडवलेले मकाव, काकाकुवे आणि आफ्रिकी करडे पोपट तेथे आणले गेले, आणि त्यांचे पिंजरे धुण्याची व त्यांना खाऊपिऊ घालण्याची जबाबदारी युद्धाच्या आठवणींनी झोप उडालेल्या माजी सैनिकांकडे सोपवली गेली.

उपचारासाठी निवडलेला प्राणी शांत स्वभावाचा असावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. हे पोपट त्याच्या अगदी उलट होते. पोपट हा थव्यात राहणारा, जोडीदाराशी घट्ट बांधलेला पक्षी असून त्याच्या मोठ्या जाती अनेक दशके जगतात. त्यामुळे एकाच पक्ष्याच्या वाट्याला कित्येकदा अनेक मालक आणि अनेक ताटातुटी येतात. एकटा पडलेला पोपट स्वतःची पिसे उपटतो, सतत डोलत राहतो, कर्कश किंचाळतो. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 45 आफ्रिकी करड्या पोपटांच्या रक्तातील टेलोमिअर, म्हणजे गुणसूत्रांच्या टोकांवरची, वयाबरोबर आखूड होत जाणारी आवरणे, मोजण्यात आली. एकट्या ठेवलेल्या नऊ वर्षांच्या पोपटांचे टेलोमिअर जोडीने राहणाऱ्या, त्यांच्याहून 23 वर्षांनी मोठ्या पोपटांइतके आखूड आढळले. (आपल्याकडे ‘मिठू मिठू’ म्हणत पिंजऱ्यात कोंडलेल्या देशी पोपटाची अवस्था काही वेगळी असण्याचे कारण नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो पाळण्यास मनाई आहे, तरी ही हौस टिकून आहे.)

असा पक्षी माणसाला बरे वाटण्यास कसा हातभार लावतो? आघातोत्तर तणाव विकारात मज्जासंस्था सदैव धोक्याच्या पवित्र्यात असते. जरा आवाज झाला तरी माणूस दचकतो, चटकन संतापतो, आणि पुढे भावना बधिर होऊन घरच्यांपासूनही दुरावतो. पोपट हा निसर्गात शिकाऱ्यांचे भक्ष्य ठरणारा जीव असल्याने समोरच्याच्या हालचालीतील घाई आणि आवाजातील धार तो तत्काळ टिपतो व मागे सरतो. त्याला जवळ यावेसे वाटावे यासाठी माणसाला आपला श्वास, हात आणि आवाज सावकाश करावा लागतो. समुपदेशकाच्या खोलीत जी गोष्ट सूचना म्हणून सांगितली जाते, तिचा परिणाम येथे समोर दिसतो. शिवाय येथे सैनिक हा रुग्ण नसून सांभाळ करणारा असतो. मला स्वतःला हा भूमिकाबदल कुरवाळण्याच्या सुखापेक्षा अधिक महत्त्वाचा वाटतो.

अर्थात वाटणे आणि सिद्ध होणे यांत अंतर आहे. मानसिक आघातावरील प्राणीसाहाय्यित उपचारांचा 2015 मध्ये आढावा घेण्यात आला, तेव्हा निकषांत बसणारे अवघे दहा अभ्यास हाती लागले. त्यांचे निष्कर्ष आशादायक असले, तरी पद्धती बऱ्याच कच्च्या होत्या. कुत्र्यांबाबतचा पुरावा आता अधिक भक्कम झाला आहे. फ्लोरिडातील ‘के-नाइन्स फॉर वॉरियर्स’ ही संस्था प्रामुख्याने निवारागृहांतील बेवारस कुत्र्यांना प्रशिक्षण देऊन माजी सैनिकांना सोबती म्हणून देते. तिच्याकडील 156 जणांच्या, 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 81 जणांना कुत्रा मिळाला होता आणि 75 जण प्रतीक्षायादीत होते. तीन महिन्यांनंतर कुत्रा मिळालेल्यांमध्ये या विकाराची लक्षणे लक्षणीयरीत्या सौम्य होती. मात्र दोन्ही गटांचे नेहमीचे उपचार चालूच होते, आणि कुत्रा कोणाला मिळणार हे चिठ्ठ्या टाकून ठरलेले नव्हते. कुत्रा मिळाला की नाही हे सहभागी माणसापासून लपवणेही अशक्य असल्याने औषधांच्या चाचणीत असते तशी बनावट गोळीची तुलना येथे करता येत नाही.

सुटका केलेला प्राणी असला की आणखी काही पथ्ये येतात. पोपटांकडून ‘सिटाकोसिस’ हा फुप्फुसांचा जिवाणूजन्य आजार माणसाला होऊ शकतो. म्हणून नव्या पक्ष्याला काही काळ वेगळे ठेवणे, वाळलेली विष्ठा ओली करून मगच झाडणे आणि प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्यांना या कामापासून दूर ठेवणे आवश्यक असते. भेदरलेल्या कुत्र्याला गजबजलेल्या रुग्णालयात नेणे हे त्याच्यासाठी नव्या छळासारखेच ठरू शकते. त्याचा ताण लाळेतील कॉर्टिसॉल या संप्रेरकावरून आणि जांभया देणे, ओठ चाटणे, तोंड फिरवणे अशा खुणांवरून ओळखता येतो, आणि त्या दिसताच भेट तेथेच थांबवावी लागते.