काड्या तीन, तरी फोटो का अडतो?

दिवाळीत यवतमाळकडे गावी होतो. चुलतभावाने वावरातलं हिरवं बोंड नखाने फोडलं; आत गुलाबी अळी. फोटो कृषी सहायकांना पाठवायला घेतला, तर व्हॉट्सॲपचं चाक फिरतच राहिलं. "दादा, काड्या तं तीन हायेत, यूट्यूबबी चालते. मंग फोटोच काहून जात नाही?"

उत्तर त्याच्याच पायाखाली होतं. कपाशी फुलीवर लावताना आडव्या-उभ्या रेघा मारायच्या आणि जिथे त्या छेदतात तिथे सरकी टोबायची. मोबाइलची माहितीही अशीच फुलीवर जाते. एकाच वारंवारतेच्या दोन लहरी घ्यायच्या, दुसरी पहिलीच्या पाव आवर्तन मागे. एक शिखरावर असते तेव्हा दुसरी शून्यावर, म्हणून एकत्र पाठवल्या तरी दोघी वेगवेगळ्या मोजता येतात. पहिलीचं माप आडवी रेघ ठरवतं, दुसरीचं उभी. प्रत्येकीला चार मापं दिली की 16 फुल्या झाल्या, आणि एक फुली ओळखली की 4 बिट, म्हणजे 0 किंवा 1 असे चार आकडे, एकदम हाती. याला 16-क्वाम म्हणतात. 64 फुल्यांत 6 बिट, 256 मध्ये 8.

4जीचा 20 मेगाहर्ट्झचा वारंवारतांचा पट्टा म्हणजे 1,200 बारीक तासं, आणि प्रत्येक तासातून मिलिसेकंदाला 14 वेळा एकेक फुली पाठवली जाते. सेकंदाला झाल्या 1 कोटी 68 लाख. चारच फुल्यांची साधी पद्धत वापरली तर 3.36 कोटी बिट जातात, 64 ची वापरली तर 10 कोटींवर. पट्टा तोच! 2022 च्या लिलावात अशा पट्ट्यांना, म्हणजे स्पेक्ट्रमला, दीड लाख कोटी रुपयांची बोली लागली. तो असा काटकसरीनेच पेरायचा.

मग हजारो फुल्या का नाही मारत? कारण ताकद तेवढीच, म्हणजे वावरही तेवढंच. दोन बिट वाढवायचे तर फुल्या चौपट, त्यांच्यातलं अंतर निम्मं. गोंगाटाने फुली जराशी सरकली की ती शेजारणीसारखी दिसते. तेवढ्याच खात्रीने ओळखायची तर गोंगाटाच्या तुलनेत संदेश चौपट ताकदीचा हवा. या ओढाताणीची शेवटची हद्द अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅननने 1948 मध्येच आखून ठेवली. म्हणून फोन सतत टॉवरला कळवत असतो, मला किती स्वच्छ ऐकू येतंय. टॉवर त्यानुसार फुल्या दाट किंवा विरळ करतो. 5जीच्या जाहिराती काहीही म्हणोत, आत हीच फुली आहे.

आता काड्या. त्या टॉवरचा आवाज आपल्यापर्यंत किती पोचतो तेवढंच सांगतात. टॉवर बोलतो वीस-चाळीस वॉटांनी. फोन जास्तीत जास्त 200 मिलिवॉटने. म्हणजे व्हिडिओ दाट फुल्यांवरून खाली येतो आणि फोटो चार फुल्यांवर, चुकत-माकत, पुन्हा पुन्हा पाठवत वर चढतो. यात्रेत घेतलेलं 'रेंज वाढवणारं' स्टिकर भावाच्या फोनला होतंच. त्याने एक फुली हलत नाही.

रानडुकरांसाठी बांधलेल्या मचाणावर तो चढला. तुरी खाली राहिल्या, बाभळीचा शेंडाही आड येईना. फोटो गेला. मिनिटभरात अळीच्या पतंगांना वासाने पकडणाऱ्या सापळ्यांबद्दल सहायकांचा उलट प्रश्न आला, "कामगंध सापळे लावले होते का?"